क्रमवारी कोणाची, कसोटी कोणाची?

१

'सर्वश्रेष्ठ' ह्या शब्दाकडे आपण संशयाने पाहायला शिकले पाहिजे. ज्या समाजात माणसाची किंमत जन्मावरून ठरली आणि ती ठरवणारे सगळे एकाच पंगतीत बसलेले होते, त्या समाजातून आलेल्या माणसाला कोणतीच उतरंड निरागस वाटू शकत नाही. उतरंड मातीच्या मडक्यांची असो की गाण्यांच्या तबकड्यांची, ती रचणारे हात कोणाचे, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

अमेरिका आणि इंग्लंड ह्या देशांतील संगीत-समीक्षक गेल्या पन्नास वर्षांपासून 'सर्वश्रेष्ठ अल्बम' निवडून त्यांच्या याद्या प्रसिद्ध करीत आले आहेत. कधी शंभर, कधी दोनशे, कधी पाचशे. ह्या याद्यांवर तिकडे कडाक्याचे वाद होतात. त्यांत प्रस्थापित, गोऱ्या, पुरुषी अभिरुचीची मक्तेदारी आहे असा एका बाजूचा आरोप असतो. कलेत वर्ण आणि वंश आणू नका, असे दुसरी बाजू बजावत असते. हा वाद मला आपल्या घरचा वाटतो. दलित साहित्याला कोणते निकष लावायचे ह्यावर आपण पन्नास वर्षे भांडलो आहोत. 'कलेला जात नसते' हे वाक्य आपल्याला तोंडपाठ आहे. म्हणून ह्या दूरच्या वादाचा इतिहास मी थोडा तपशिलाने मांडणार आहे.

कोणी म्हणेल, गावोगाव अत्याचार चालू असताना परदेशी गाण्यांच्या याद्यांची चिकित्सा कशाला? माझे उत्तर असे की यादी हा इतिहासाचा सर्वांत लहान आणि सर्वांत वेगाने पसरणारा प्रकार आहे. चारशे पानांचा ग्रंथ थोडे लोक वाचतात. पहिली दहा नावे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतात. जो दहांत नाही तो झालाच नाही, अशी पुढच्या पिढीची समजूत होते. इतिहासातून पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

२

काळ्या अमेरिकनांशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, काळ्या जनतेच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस ह्यांनी त्याच वर्षी आस्थेने उत्तर पाठवले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी काळ्या साहित्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष वेधले. १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांच्या कादंबऱ्या आणि कविता आपण वाचल्या. त्यांच्या संगीताचा आणि त्या संगीतावर लिहिणाऱ्यांचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही.

ड्यू बॉइस ह्यांनी तो फार आधी केला होता. १९०३ सालच्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' ह्या ग्रंथात त्यांनी गुलामांच्या दुःखगीतांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि अनेक प्रकरणांच्या डोक्यावर त्या गीतांच्या स्वरलिपीच्या ओळी छापल्या. ज्यांना लिहू-वाचू दिले गेले नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या गाण्यांत साठवलेला आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९२१ साली हॅरी पेस ह्या काळ्या उद्योजकाने न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक स्वॉन' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली, तेव्हा तिच्या संचालक मंडळावर ड्यू बॉइस होते. गाणे आपले असेल तर तबकडीही आपली हवी, एवढा साधा विचार त्यामागे होता. ती कंपनी तीनचार वर्षांतच पॅरामाउंट ह्या मोठ्या कंपनीच्या हाती गेली.

त्याआधी एक वर्ष, १९२० च्या ऑगस्टमध्ये, मॅमी स्मिथ ह्या काळ्या गायिकेने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायिले होते. तबकडी तुफान खपली. काळी माणसेही पैसे देऊन तबकड्या घेतात हे गोऱ्या मालकांच्या तेव्हा ध्यानात आले आणि त्यांनी काळ्या गायकांसाठी वेगळी माळ काढली. तिला नाव दिले 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या. गावाबाहेरचा वाडा जसा, तशी यादीबाहेरची यादी. बेसी स्मिथ ही त्या काळातील सर्वांत मोठी ब्लूज गायिका. कोलंबिया कंपनीने तिला तबकडीमागे ठरावीक रक्कम दिली. विक्रीतला हक्काचा वाटा, म्हणजे रॉयल्टी, दिली नाही.

'बिलबोर्ड' ह्या व्यापारी साप्ताहिकाने १९४२ साली काळ्यांच्या गाण्यांची स्वतंत्र क्रमवारी सुरू केली. तिचे नाव 'हार्लेम हिट परेड'. १९४५ साली तिचे 'रेस रेकॉर्ड्स' झाले. १९४९ साली जेरी वेक्सलर ह्या गोऱ्या वार्ताहराच्या सूचनेवरून तिला 'रिदम अँड ब्लूज' म्हणू लागले. १९६९ साली ती 'सोल' झाली, १९८२ साली 'ब्लॅक', आणि १९९० साली पुन्हा 'रिदम अँड ब्लूज'. पन्नास वर्षांत पाच नावे, आणि ठेवणारा दरवेळी बाहेरचा. आपणही अस्पृश्य, अंत्यज, हरिजन अशा नावांतून गेलो आणि 'दलित' हे नाव स्वतः घेतले. १९६० च्या दशकात 'निग्रो' हा शब्द टाकून 'ब्लॅक' म्हणजे काळे हे नाव त्यांनीही तसेच स्वतः घेतले. म्हणून ह्या लेखात मी तोच शब्द वापरतो.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. १९६३ च्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून १९६५ च्या जानेवारीपर्यंत 'बिलबोर्ड'ने ही वेगळी क्रमवारी छापलीच नाही. आता काळ्या-गोऱ्यांची आवड एकच झाली आहे, वेगळी यादी कशाला, असा विचार त्यामागे होता. नेमक्या त्याच काळात बीटल्स आणि इतर इंग्रज गायकवृंदांची अमेरिकेत लाट आली आणि सर्वसाधारण यादीतील काळ्या गायकांच्या जागा आकसल्या. वेगळी वस्ती ठेवायची तीही त्यांच्या सोयीने, आणि मोडायची तीही त्यांच्याच सोयीने.

३

आता मूळ मुद्दा. समीक्षकांच्या याद्यांवर टीका करणारे बहुतेक जण नावे मोजतात: गोरे किती, काळे किती, स्त्रिया किती. ही मोजणी आवश्यकच आहे. पण माझ्या मते पक्षपात त्याच्याही आधी घडलेला असतो. तो मोजण्याच्या मापातच आहे. ते माप म्हणजे 'अल्बम'.

अल्बम हा काही संगीताचा निसर्गसिद्ध घटक नाही. १९४८ साली कोलंबिया कंपनीने बारा इंची लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत असे. पुढच्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. तिच्यावर एका बाजूला एक गाणे. तिला सिंगल म्हणतात. मोठी तबकडी महाग, छोटी स्वस्त. मोठी ऐकायला घरात चांगले यंत्र हवे, निवांत खोली हवी, अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसायची सवड हवी. छोटी तबकडी नाणे टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये, खानावळीत, नाचाच्या हॉलमध्ये, रेडिओवर वाजे. शहरांतल्या काळ्या कामगारवस्त्यांचे संगीत बहुतांशी ह्या छोट्या तबकडीवर जगले. त्याखेरीज ते चर्चमध्ये होते, रस्त्याच्या कोपऱ्यावर होते, रात्रीच्या प्रयोगात होते.

डेट्रॉइटमध्ये १९५९ साली बेरी गॉर्डी ह्यांनी जी कंपनी सुरू केली, जी पुढे मोटाऊन म्हणून प्रसिद्धीस आली, ती सिंगलवरच उभी होती. गॉर्डी हे मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेले गृहस्थ. गाणीही त्यांनी तशाच शिस्तीने तयार करवली. अशा कंपनीचे दहा वर्षांचे उत्कृष्ट काम तीन-तीन मिनिटांच्या शेकडो गाण्यांत विखुरलेले असते. 'सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता?' असा प्रश्न विचारलात की ते सगळे काम एका फटक्यात स्पर्धेबाहेर जाते. कोणीही पक्षपाताने मत दिले नाही तरी निकाल पक्षपाती लागतो. ज्याला संस्कृत येते तोच पंडित, अशी अट घातल्यावर परीक्षा घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी पास कोण होणार, हे आधीच ठरलेले नसते काय?

जेम्स ब्राऊन ह्यांची गोष्ट ह्या संदर्भात महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहातला आपला प्रयोग ध्वनिमुद्रित करून त्याचा अल्बम काढावा, असे त्यांनी किंग कंपनीच्या मालकाला, सिड नेथन ह्यांना सुचवले. नेथन ह्यांनी नकार दिला. ज्यात नवे सिंगल नाही असा अल्बम कोण घेणार? तेव्हा २४ ऑक्टोबर १९६२ रोजी ब्राऊन ह्यांनी स्वतःच्या खिशातून खर्च करून तो प्रयोग ध्वनिमुद्रित केला. १९६३ साली तबकडी निघाली आणि बिलबोर्डच्या सर्वसाधारण अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. आज समीक्षकांच्या याद्यांत तिला मानाचे स्थान असते. पण ती तिथे आहे कारण एका गायकाकडे त्या दिवशी स्वतःचे पैसे होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचे प्रयोग त्या रात्रीबरोबरच संपले.

रॉबर्ट जॉनसनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मिसिसिपीच्या ह्या ब्लूज गायकाने १९३६ आणि १९३७ साली टेक्ससमध्ये एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. लाँग-प्ले तबकडी त्याने पाहिलीही नाही. १९६१ साली कोलंबिया कंपनीने त्याची काही गाणी निवडून एका मोठ्या तबकडीवर काढली, आणि तिच्यामुळे २००३ साली तो 'सर्वश्रेष्ठ अल्बम'च्या पहिल्या तीसांत आला. म्हणजे यादीत शिरण्यासाठी त्याला मरणानंतर तेवीस वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी अल्बमच्या साच्यात बसवावे लागले. ज्यांना असे बसवणारा कोणी भेटला नाही ते कुठे गेले, हे ती यादी सांगत नाही.

४

मापानंतर येतो पंच. 'रोलिंग स्टोन' हे पाक्षिक यान वेनर आणि राल्फ ग्लीसन ह्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत काढले. पहिल्या अंकावर तारीख होती ९ नोव्हेंबर १९६७. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' निघाला होता. रॉक संगीताची गंभीर समीक्षा आणि अखंड कलाकृती म्हणून अल्बमची प्रतिष्ठा, ह्या दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी वाढल्या. लिहिणारे बहुतेक गोरे, तरुण, विद्यापीठातून आलेले पुरुष होते. त्यांनी आपल्या पिढीचे संगीत मनापासून ऐकले आणि त्यावर तन्मयतेने लिहिले. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. पण आपल्या खोलीतला आवाज म्हणजे जगाचा आवाज असे त्यांनी धरून चालले.

परिणाम पाहा. १९७४ साली इंग्लंडच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' साप्ताहिकाच्या लेखकांनी यादी केली: पहिला 'सार्जंट पेपर'. १९७८ साली पॉल गॅम्बाचिनी ह्यांनी समीक्षकांची मते गोळा करून दोनशे अल्बमचे पुस्तक काढले: पहिला 'सार्जंट पेपर'. १९८७ साली 'रोलिंग स्टोन'ने मागील वीस वर्षांतले शंभर निवडले: पहिला 'सार्जंट पेपर'. २००३ साली त्याच नियतकालिकाने अडीचशेहून अधिक समीक्षक, कलावंत आणि व्यावसायिकांची मते घेऊन पाचशेंची यादी केली: पहिला पुन्हा 'सार्जंट पेपर'. त्या यादीच्या पहिल्या दहांत बीटल्सचे चार अल्बम आणि बॉब डिलनचे दोन. काळा कलावंत एकच, मार्विन गे, सहाव्या क्रमांकावर. स्त्री एकही नाही. स्वतंत्र गायिका म्हणून पहिले नाव येते जोनी मिचेलचे, ते तिसाव्या क्रमांकावर.

बीटल्स वाईट होते असे मला म्हणायचे नाही. उलट ते स्वतः कोणाकडून शिकले हे त्यांनी कधी लपवले नाही. १९६३ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर चक बेरीचे एक आणि मोटाऊनची तीन गाणी आहेत. त्यांतले 'प्लीज मिस्टर पोस्टमन' हे मूळचे मार्व्हलेट्स ह्या काळ्या मुलींच्या वृंदाचे. १९६१ साली त्याने मोटाऊन कंपनीला देशाच्या सर्वसाधारण यादीत पहिला क्रमांक प्रथमच मिळवून दिला होता. शिष्याला सिंहासन मिळाले आणि गुरूला दाराशी उभे ठेवले, हे शिष्याने केले नाही, समीक्षकांनी केले.

हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते असेही नाही. १९६३ साली लीरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, ह्यांनी 'जॅझ अँड द व्हाइट क्रिटिक' हा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जॅझचे बहुतेक समीक्षक गोरे आहेत आणि महत्त्वाचे बहुतेक कलावंत गोरे नाहीत. हे समीक्षक संगीताचा आस्वाद घेतात. पण ते संगीत ज्या जीवनदृष्टीतून जन्मते ती समजून घेत नाहीत. आस्वाद आणि आकलन ह्यांतला हा फरक आपल्या साहित्यचर्चेतही मध्यवर्ती आहे. दलित आत्मकथनांचे 'दाहक', 'विलक्षण' अशा विशेषणांनी स्वागत करणारे आणि त्यातल्या प्रश्नाला सफाईने बगल देणारे समीक्षक आपण पाहिलेले आहेत. शरणकुमार लिंबाळे ह्यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले, त्यामागे हीच अस्वस्थता होती.

बराका ह्यांच्या निबंधानंतर साठ वर्षांनी, २०२३ साली, वेनर ह्यांनी आपण घेतलेल्या मुलाखतींचे 'द मास्टर्स' नावाचे पुस्तक काढले. त्यात सात कलावंत, सातही गोरे पुरुष. असे का, ह्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या प्रश्नावर, स्त्रिया आणि काळे कलावंत त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकत नव्हते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. दुसऱ्याच दिवशी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या संचालक मंडळावरून त्यांना दूर करण्यात आले आणि त्यांनी माफी मागितली. माफी त्यांची, पण ती दृष्टी त्यांच्या एकट्याची नव्हती. पन्नास वर्षांच्या याद्यांमागे जे न बोलता उभे होते, ते त्यांनी बोलून दाखवले इतकेच.

५

२०२० साली 'रोलिंग स्टोन'ने पाचशेंची यादी नव्याने केली. तोवर वेनर ह्यांची मालकी संपली होती. मतदार तीनशेहून अधिक होते, आणि त्यांत काळे कलावंत, स्त्रिया व तरुण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होते. पूर्वीच्या याद्यांत नसलेले १५४ अल्बम आत आले. पहिल्या क्रमांकावर आला मार्विन गे ह्यांचा १९७१ सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. 'सार्जंट पेपर' चोविसावा झाला. अरीथा फ्रँकलिन ह्यांचा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' हाही 'सार्जंट पेपर'प्रमाणेच १९६७ सालचा. तो ८३ वरून १३ वर आला. लॉरिन हिल ह्यांचा १९९८ चा अल्बम ३१२ वरून १० वर आला. 'पब्लिक एनिमी' ह्या रॅप वृंदाचा १९८८ चा अल्बम ४८ वरून १५ वर.

लगेच ओरड झाली, आणि तिची भाषा आपल्या ओळखीची होती: गुणवत्ता बुडाली, ही राखीव जागांची यादी आहे, राजकीय दबावाखाली केलेली. आपल्या विद्यार्थ्यांनी ह्या युक्तिवादाला उत्तर द्यायला शिकावे म्हणून मी इथे थोडा थांबतो.

अरीथाची तबकडी १९६७ नंतर बदललेली नाही. तिच्यातला एक स्वर वाढला नाही की कमी झाला नाही. तबकडी तीच, ऐकणारे बदलले, आणि क्रमांक सत्तर पायऱ्यांनी हलला. मग आधीचा ८३ हा आकडा कशाचे मोजमाप होता? त्याला तबकडीची गुणवत्ता म्हणायचे असेल तर १३ लाही म्हणावे लागेल. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. सरळ निष्कर्ष असा की दोन्ही आकडे मतदारांचे वर्णन करतात. २००३ ची यादीही राखीव जागांचीच होती. फक्त तिथल्या राखीव जागांना कोणी राखीव म्हणत नव्हते. आणखी एक पुरावा देतो. १९८५ साली 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या लेखकांनी 'व्हॉट्स गोइंग ऑन'लाच पहिला क्रमांक दिला होता. म्हणजे २०२० च्या कोणत्याही दबावाच्या पस्तीस वर्षे आधी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या पंचांना तो पहिला वाटला होता.

पण ह्या विजयाने हुरळून जाणेही मला मान्य नाही. पंच बदलले, माप तेच राहिले. २०२० च्या त्याच यादीत रॉबर्ट जॉनसन पहिल्या तीसांतून तीनशेच्याही खाली घसरला. म्हणजे काळ्यांचे एक संगीत वर येताना त्यांचेच जुने संगीत खाली गेले, कारण अल्बमच्या जमान्याआधीची माणसे त्या मापात नीट मावतच नाहीत. नाचाच्या संगीताचेही तसेच. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, सुमारे पन्नास हजार लोकांसमोर डिस्को तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. डिस्को हे मुख्यतः काळे, लॅटिन आणि समलिंगी समूहांतून आलेले संगीत. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्याही होत्या, अशी आठवण तिथे काम करणाऱ्या एका काळ्या तरुणाने पुढे सांगितली. त्याच शहरातल्या काळ्या तरुणांनी पुढच्या काही वर्षांत 'हाउस' नावाचे संगीत घडवले आणि ते जगभर गेले. ते सिंगलवर आणि नाचाच्या फरशीवर घडले. अल्बमच्या यादीत त्याला जागा मिळणार कशी? २००४ साली केलेफा सॅने ह्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ह्या वृत्तीवर लेख लिहिला आणि 'रॉकिझम' हा शब्द सर्वतोमुखी झाला. रॉकच्या मोजपट्टीने सगळे संगीत मोजणे, असा त्याचा अर्थ.

६

याद्यांमुळे प्रत्यक्षात काय बिघडते? पुष्कळ बिघडते. यादीतल्या तबकड्या पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात निघतात, त्यांचे पैसे वारसांना मिळतात, त्यांवर ग्रंथ लिहिले जातात, त्या अभ्यासक्रमात लागतात. यादीबाहेरच्या तबकड्यांच्या मूळ फिती गोदामात पडून राहतात. आणि यादी नेहमी एका नावाखाली लागते. मागचे हात दिसत नाहीत. मोटाऊनच्या गाण्यांना वर्षानुवर्षे साथ करणारा 'फंक ब्रदर्स' हा वादकांचा ताफा होता. त्यांतले जेम्स जेमरसन ह्यांच्या बास गिटारवर कितीतरी गाणी उभी आहेत. वर्षानुवर्षे तबकडीवर ह्या वादकांची नावे नसत. मोटाऊनच्या अल्बमवर ती प्रथम छापली गेली १९७१ साली, 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. ह्या अल्बममधल्या शीर्षकगीताला स्वतः बेरी गॉर्डी तयार नव्हते. युद्ध, पोलिसांची मारहाण, गरिबी असे विषय असलेले गाणे खपणार नाही, असे त्यांना वाटले. मार्विन गे ह्यांचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात जाऊन आला होता. त्यांनी माघार घेतली नाही. मालक काळा असला म्हणजे बाजार काळा होत नाही, हाही धडा त्यात आहे. त्या अल्बमचा मोठेपणा मला पहिल्या क्रमांकापेक्षा त्याच्यावर छापलेल्या त्या नावांत जास्त दिसतो.

आता आपल्याकडे वळतो. उद्या कोणी मराठीतील सर्वश्रेष्ठ शंभर अल्बमची यादी केली तर सत्यशोधक जलसा तिच्यात येणार नाही, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसाही येणार नाही. कारण तो अल्बम नव्हताच. तो रात्रीच्या वस्तीत, कंदिलाच्या उजेडात, ढोलकी-तुणतुण्यावर उभा राहणारा प्रयोग होता आणि त्याने माणसे चळवळीत आणली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) ह्यांची गाणी लोकांच्या तोंडी आणि हाती उतरवलेल्या वह्यांत जगली. १९८० नंतर कॅसेट आली, मग सीडी आल्या; दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भीमगीतांची दुकाने लागत आली. ह्या प्रचंड संगीतव्यवहाराची दखल वृत्तपत्रांतल्या संगीत-समीक्षेच्या स्तंभात मला क्वचितच वाचायला मिळाली. तिथे बैठकीचे संगीत असते, नाट्यसंगीत असते, भावगीत असते. भीमगीत हे 'प्रचार' म्हणून बाहेर.

काहींना वाटते, आपणही आपली 'सर्वश्रेष्ठ शंभर' यादी काढावी. मला ह्यात धोका दिसतो. त्यांचे माप उचलून आपली माणसे त्यात कोंबली तर कॅसेट कंपनीने ज्यांना संधी दिली तेच आपल्याही यादीत येतील. ज्या बाईने जात्यावर बाबासाहेबांची ओवी रचली आणि जिच्यापर्यंत कोणतेही यंत्र पोचले नाही, ती पुन्हा बाहेरच राहील. म्हणून क्रमांक लावण्याच्या आधी नोंद झाली पाहिजे.

कोणतीही यादी हाती आली की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. मत कोणी दिले? मोजायला माप कोणते घेतले? त्या मापात जे मावत नाही ते कुठे ठेवले आहे? पाठ्यपुस्तकातील वेच्यांना, पुरस्कारांना, संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीलाही हेच प्रश्न लागू आहेत.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझी सूचना ह्याहून साधी आहे. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या जलशांत गायिलेले, ढोलकी वाजवलेले, गाणी उतरवून घेतलेले वृद्ध स्त्रीपुरुष अजून हयात आहेत. येत्या वर्षी एका वर्गाला हे काम द्यावे: गाणे कोणी रचले, कोणी गायिले, साथीला कोण होते, कोणत्या वस्तीत, कोणत्या साली. वाजवणाऱ्याचे नाव गाणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. जुन्या वह्यांची छायाचित्रे काढावीत, आवाज मुद्रित करावेत आणि एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवावी. ह्या कामाला अनुदान लागत नाही. मात्र ते लवकर व्हायला हवे, कारण ही माणसे ऐंशीच्या घरात आहेत.